नववीचा उंबरठा : लहान हायस्कूल आणि आपली जबाबदारी

राजगुरुनगर म्हटले की प्रथम आठवतात ते हुतात्मा शिवराम हरी राजगुरू. भीमेच्या काठच्या या खेड गावी २४ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासमवेत ते फासावर गेले. वय अवघे २२. गावाने त्यांचे नाव धारण केले, तालुका मात्र खेडच राहिला. या तालुक्याची दुसरी ओळख म्हणजे चाकणची औद्योगिक वसाहत. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतूनही माणसे येथे पोटामागे येतात. दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडतात. बाप पाळीवर जातो, आई पॅकिंगला किंवा धुण्याभांड्याला जाते, आणि पोरे जवळच्या शाळेत नाव घालतात.

आमचा हा लेख त्या जवळच्या शाळेविषयी आहे. मोठ्या नामांकित विद्यालयांविषयी पुष्कळ लिहिले जाते. गावातल्या, वस्तीजवळच्या, एका वर्गाला एकच तुकडी असलेल्या लहान मराठी हायस्कुलाविषयी कोणी लिहीत नाही. वस्तुतः आपल्या समाजातील, त्याचप्रमाणे भटक्या-विमुक्त, आदिवासी आणि मजुरांच्या मुलांपैकी कितीतरी मुलांचे भवितव्य अशाच शाळेत ठरते. आणि ते ठरते विशेषतः नववीच्या वर्षी. ते का, आणि त्या वर्षी समाजाने नेमके काय करावे, हे सभासद बंधू-भगिनींना आणि विद्यार्थ्यांना समजावून सांगावे एवढाच येथे हेतू आहे.

चौदाव्या वर्षी काय घडते?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ या वयासाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेत मिळणारे दुपारचे जेवणही आठवीपर्यंतच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात १८ वर्षांपर्यंतचा विचार मांडला आहे. परंतु धोरण वेगळे आणि कायद्याचा हक्क वेगळा.

आता दुसरा कायदा पाहू. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करणे आणि बालकलाकारांचे काम असे अपवाद सोडता, १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आली. १४ ते १८ या वयात मात्र बंदी केवळ धोकादायक कामांपुरती आहे.

हे दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या वर्षी शाळेची सक्ती संपते, त्याच वर्षी कामाची बंदीही सैल होते. एक दार उघडे पडते आणि नेमके तेव्हाच दुसरे दार आत बोलावू लागते. मोठ्या कंपनीच्या फाटकातून कोणी चौदा वर्षांच्या मुलाला आत घेत नाही हे खरे. पण फाटकाबाहेर गॅरेज आहे, हॉटेल आहे, मंडपवाला आहे, टेम्पोवर हमाली आहे, चाकणच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोणी आहेत. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळणे आहे, आणि अठरा वर्षांचा कायदा असूनही लग्नाची बोलणी आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की नववी ही केवळ एक इयत्ता नव्हे, तो उंबरठा आहे. तेथे कायद्याने हात सोडलेला असतो. उरतो तो शाळेचा हात आणि समाजाचा हात.

सतरा नंबरचा फॉर्म

या उंबरठ्यावर मूल दोन प्रकारांनी गळते. पहिला प्रकार उघड आहे. हजेरीपटावर लाल शाईचे गैरहजेरीचे शेरे वाढत जातात आणि दिवाळीनंतर मूल येईनासे होते. दुसरा प्रकार तितका दिसत नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी प्रत्येक शाळेची इच्छा असते. त्या इच्छेपोटी काही ठिकाणी कच्च्या मुलाच्या पालकांना नववीतच सांगितले जाते की याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा अर्ज. मूळ सोय चांगलीच आहे. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, ज्या भगिनी संसारात अडकल्या, त्यांना पुन्हा परीक्षेला बसण्याची ती वाट आहे. परंतु वर्गात बसलेल्या मुलाला उठवून त्या वाटेने पाठवणे म्हणजे ज्याला सर्वाधिक शिकवण्याची गरज त्याचेच शिकवणे बंद करणे होय. त्या मुलाला घरी अभ्यास सांगणारे कोणी नसते, खाजगी क्लासची फी परवडत नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. त्या मुलाचा निकाल मात्र वर्तमानपत्रात येत नाही.

पालकांनी येथे शांतपणे काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. दहावीला नापास झाले म्हणजे सारे संपले असे आता नाही. २०१५ पासून जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाचू शकते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. तेव्हा मूल कच्चे आहे म्हणून त्याला शाळेबाहेर काढण्याचे कारण नाही. शाळेतच त्याची तयारी करून घ्यावी, असा आग्रह मुख्याध्यापकांकडे नम्रपणे पण ठामपणे धरावा.

चूळपंथकाची गोष्ट

या बाबतीत आपल्या धम्मपरंपरेत एक फार बोलकी कथा आहे. महापंथक आणि चूळपंथक हे दोघे भाऊ. थोरला बुद्धिमान, तो आधी भिक्खू झाला. त्याने धाकट्यालाही संघात आणले. परंतु चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथासुद्धा पाठ होईना. थोरल्या भावाने शेवटी सांगितले, तुला हे जमायचे नाही, तू घरी जा. जीवक वैद्याने संघाला भोजनाचे आमंत्रण दिले तेव्हा महापंथकाने मोजणीतूनही त्याला वगळले.

चूळपंथक पहाटे निघाला. दाराशी भगवान बुद्ध उभे होते. त्यांनी त्याला परत फिरवले, एक स्वच्छ पांढरे फडके हाती दिले आणि ते चोळत ‘रजोहरणं’ एवढाच एक शब्द म्हणत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले, आणि ज्याला गाथा कळत नव्हती त्याला त्या मळलेल्या फडक्यातून अनित्यता कळली. इकडे जीवकाच्या घरी भगवंतांनी भिक्षापात्रावर हात ठेवला आणि विहारात कोणी राहिले आहे काय, असे विचारले. मागे राहिलेल्या त्या एकाला बोलावून आणल्यावरच भोजन सुरू झाले.

शिक्षकाने आणि समाजाने घेण्यासारखे सारे या कथेत आहे. मूल बाहेर पडत असताना दाराशी कोणीतरी उभे असले पाहिजे. जे एका रीतीने जमत नाही ते दुसऱ्या रीतीने, हाताला काम देऊन, शिकवता येते. आणि ज्याला मोजणीतून वगळले त्याला आणल्याशिवाय पंगत सुरू करायची नाही.

वेळ, जागा आणि माणूस

गरीब मुलाला शाळेत टिकवायचे तर काय लागते, हे आपल्या थोर पूर्वजांनी फार आधी ओळखले होते.

पहिली गरज वेळेची. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. विद्यार्थी शाळेच्या वेळेला येऊ शकत नसेल तर शाळेने विद्यार्थ्याच्या वेळेला जावे, हा त्यामागचा विचार. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. त्यामागे हाच विचार होता.

दुसरी गरज जागेची. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह चालू केले, आणि १९२८ साली बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली ती मुख्यतः हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांसाठी. मूल प्राथमिक शाळा ओलांडते आणि हायस्कुलाच्या वेळी अडते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी अचूक हेरले होते.

तिसरी गरज माणसाची. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या दृष्टीस पडला. ते विल्सन हायस्कुलातले, मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातला. तरीही त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढील शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला नेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचे दार उघडले. दुसऱ्या शाळेतल्या मुलाची विचारपूस करणारा एक शिक्षक किती मोठे काम करून गेला, हे आपण सारे जाणतो.

दाखला : आजची चौथी गरज

वेळ, जागा आणि माणूस यांच्या जोडीला आज एक चौथी गरज निर्माण झाली आहे, ती कागदाची. आपल्या समाजाला ती विशेष जाचते. त्याचे कारण इतिहासात आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. काही शीख जातींचा अपवाद सोडल्यास इतरांना तो नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर हजारो घरांनी अभिमानाने शाळेत जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे लिहिले. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या, तथापि केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. म्हणून आज दाखला काढताना धर्मांतरापूर्वीची मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवणारा आजोबा-पणजोबांचा पुरावा मागितला जातो. जुना शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील उतारा, जमिनीचे कागद असे काही हाती असावे लागते.

चाकण-राजगुरुनगरला बाहेरून आलेल्या कुटुंबाची अडचण दुहेरी आहे. हा पुरावा असतो मूळ गावी, आणि पहिला दाखला साधारणपणे त्या मूळ गावच्या प्रांत कचेरीतून काढावा लागतो. नांदेडच्या किंवा बीडच्या मजुराला त्यासाठी दोन-चार दिवसांचा रोज बुडवून जावे लागते. वडिलांचा दाखला आधीच काढलेला असेल तर मुलांचे काम पुष्कळ सोपे होते. म्हणून पालकांनी प्रथम स्वतःचा दाखला काढावा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख आणि जात यांतील चूक मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती अत्यंत अवघड होते. ‘धर्म’ आणि ‘जात’ हे दोन रकाने वेगळे आहेत. त्यांत काय लिहिले आहे ते पालकांनी आठवीतच एकदा डोळ्यांनी पाहून यावे.

शिष्यवृत्ती आणि बँकेचे खाते

नववी-दहावीतील अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ७,००० रुपये असा तिचा दर आहे. कचरा वेचणारे, गटारसफाई करणारे अशा कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी याच योजनेत पहिलीपासून दहावीपर्यंत सोय असून तिला उत्पन्नाची आणि जातीची अट नाही.

दुसरी महत्त्वाची शिष्यवृत्ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या एनएमएमएस परीक्षेची. ही परीक्षा आठवीत असते. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि सातवीला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के पुरतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ही योजना शासकीय, अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठीच आहे. लहान मराठी हायस्कुलातल्या मुलाला इंग्रजी शाळेतल्या मुलाहून जास्त संधी असलेली ही दुर्मीळ परीक्षा आहे.

परंतु शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि हाती पडणे यांत अंतर आहे. आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगतो. पैसे आता थेट खात्यात जमा होतात, आणि बहुधा आधार क्रमांकावरून. पालक सांगतात, आमचे आधार खात्याला जोडलेले आहे. पण ओळखपत्र म्हणून आधार देणे ही एक गोष्ट, आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची नोंद करून घेणे ही दुसरी. त्यासाठी बँकेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. अशी नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. आईने मुलाचे दुसऱ्या बँकेत नवे खाते काढून तेथे ती संमती दिली, तर पैसे त्या खात्यात जातात आणि जुने पासबुक कोरेच राहते. मग घरात समज होतो की पैसे आलेच नाहीत.

दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते, तशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. रकमेची मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. मात्र शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना निष्क्रिय ठरवू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हे ठाऊक असेल तर खिडकीवर आत्मविश्वासाने बोलता येते. मूल अठरा वर्षांचे झाले की नवी सही व कागदपत्रे द्यावी लागतात, तेही विसरू नये.

लहान शाळेचे बळ आणि दुबळेपण

लहान हायस्कुलाचे बळ हे की तेथे मूल हरवत नाही. कोणाचा बाप रात्रपाळीला आहे, कोणाच्या घरी दिवा नाही, कोणती मुलगी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर असते, हे वर्गशिक्षकाला माहीत असते. दोन दिवस मूल आले नाही तर शिपाईसुद्धा त्याच्या खोलीपर्यंत जाऊन येतो. हजार-दोन हजारांच्या शाळेत हे साधणे कठीण आहे.

दुबळेपण असे की शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पट घटला की संचमान्यतेत पद कमी होते. मग एकच शिक्षक गणित आणि विज्ञान दोन्ही सांभाळतो, इंग्रजीला कोणी उरत नाही, आणि ते पाहून आणखी पालक मुले काढून नेतात. आपण ऐपत येताच आपली मुले लांबच्या शाळेत बसने पाठवतो. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण वस्तीजवळचे हायस्कूल बंद पडले तर ज्याची बसची ऐपत नाही त्याची, विशेषतः त्याच्या मुलीची, शाळाच बंद पडते, हे समाज म्हणून आपण विसरू नये.

आपण काय करावे?

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपण दरवर्षी तेथे मोठ्या श्रद्धेने जातो. त्या श्रद्धेला पुढील पाच कामांची जोड द्यावी, अशी आमची सूचना आहे.

एक : विहाराचा हॉल सायंकाळी सात ते दहा अभ्यासिकेसाठी उघडा ठेवावा. दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलाला दिवा, सतरंजी आणि शांतता एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.

दोन : प्रत्येक नोकरदार सभासदाने नववीतील एका मुलाची जबाबदारी घ्यावी. पैसे देणे सक्तीचे नसावे. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन त्याची हजेरी विचारणे सक्तीचे असावे. मूल कोणत्याही जातीचे असो.

तीन : जून महिन्यात दोन रविवार दाखल्यांच्या मार्गदर्शनासाठी आणि बँकेच्या खात्यांसाठी ठेवावेत. समाजात तलाठी कार्यालयात, कचेरीत, बँकेत काम करणारे आहेत. त्यांची माहिती त्यांच्यापुरतीच राहू नये.

चार : आठवीतील मुलांची एनएमएमएस परीक्षेची तयारी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी करून घ्यावी. जे शिकले त्यांनी शिकवावे.

पाच : गुणवंतांच्या सत्काराबरोबर, पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांचाही सत्कार करावा. नव्वद टक्केवाल्याला टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. पडून उठलेल्याला त्या जास्त हव्या असतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. तुमच्या बाकावरचा मित्र चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जा. सरांना नंतर सांगा, आधी तुम्ही जा. कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, मैत्रीला अशी अट नाही.

येत्या जूनमध्ये नववीचा वर्ग भरेल तेव्हा पहिल्या दिवशीचा पट आपण लिहून ठेवू. पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या दिवशी तोच पट पुन्हा वाचू, आणि जो दिसणार नाही त्याच्या दाराशी जाऊ.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं.